६४ तासांचे नाटक : हौशी मंडळींनी पहिला प्रयोग कसा उभा करावा

गृहसंकुलाचे स्नेहसंमेलन असो, गावच्या देवळाचा उत्सव असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो किंवा सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य हौशी नाट्य स्पर्धा असो, दिवसभर दुसरे काम करणाऱ्या माणसांनी संध्याकाळी एकत्र येऊन बसवलेल्या नाटकाचा सगळा व्यवहार वेळेभोवती फिरतो. बँकेतला माणूस साडेसातला सुटतो, शिक्षिकेला वह्या तपासायच्या असतात आणि ज्याच्या आवाजावर सगळे खूश असतात त्याचीच नेमकी रात्रपाळी लागते. आठ आठवडे, आठवड्यातून चार संध्याकाळी, दर संध्याकाळी दोन तास असा हिशेब धरला तर हातात ६४ तास येतात. त्यांतले निदान दहा तास उशिरा येण्यात, चहात, पावसात आणि कोणाच्या तरी घरच्या लग्नात जातात. उरलेल्या ५४ तासांत दीड तासाचे नाटक बसवायचे म्हणजे रंगमंचावरच्या प्रत्येक मिनिटासाठी तालमीची ३६ मिनिटे मिळतात.

पुढे जे सांगितले आहे ते सगळे या ३६ मिनिटांच्या हिशेबातून आले आहे. पात्राच्या मनोव्यापारांवर पहिल्या आठवड्यात तीन-तीन संध्याकाळी चर्चा करणारे दिग्दर्शक मी पाहिले आहेत (काही वर्षे मी स्वतःच तसा होतो), आणि त्यांच्या नाटकाचा दुसरा अंक प्रयोगाच्या चार दिवस आधी पहिल्यांदा सलग झालेलाही पाहिला आहे.

संहिता आणि तिच्याबरोबर येणारे कागद

आधी माणसे मोजावीत आणि मग संहिता शोधावी. उलट क्रमाने गेल्यास नाटकात नऊ पात्रे आणि हाताशी सहा माणसे अशी अवस्था होते, आणि उरलेल्या तीन भूमिकांसाठी नाटकाची काडीचीही आवड नसलेल्या भाच्या-पुतण्यांना ओढून आणावे लागते. पहिल्या खेपेला पाच ते सात पात्रे, एकच स्थळ आणि शक्यतो आजचाच काळ असलेली संहिता घ्यावी. ऐतिहासिक नाटकाचा मोह आवरावा, कारण भाड्याचे अंगरखे आणि मंदिल यांत बरेचसे पैसे जातात आणि एवढे करून तलवार वेळेवर म्यानात जात नाही म्हणून गंभीर प्रसंगात हशा पिकतो. मंडळातल्या सर्वांनी नामवंत नटसंचात पाहिलेले नाटकही पहिल्यांदा टाळलेले बरे. अशा नाटकात आपले लोक भूमिका करत नाहीत, ती भूमिका गाजवणाऱ्या नटाची नक्कल करतात, आणि ती नक्कल पुसण्यातच दहा-बारा तास खर्ची पडतात. निवडलेली संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचावी. बैठ्या वाचनाला लागतो त्याच्या साधारण सव्वापट वेळ प्रयोगाला लागतो असा माझा अनुभव आहे, त्यामुळे वाचनच दोन तासांचे होत असेल तर त्या संहितेचा नाद सोडावा.

संहिता ठरली की लेखकाची लेखी परवानगी घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे हे हक्क त्याच्या पश्चात टिकतात. म्हणून १९१६ साली गेलेले गोविंद बल्लाळ देवल किंवा १९१९ साली गेलेले राम गणेश गडकरी यांची नाटके आज कोणालाही करता येतात, पण १९६९ साली निधन पावलेल्या आचार्य अत्र्यांची नाटके २०२९ अखेरपर्यंत विचारल्याशिवाय करता येत नाहीत. याच कायद्यात हौशी संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या, तसेच धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेल्या प्रयोगाला सवलत दिलेली आहे. मात्र इतर कारणासाठी तिकीट लावले की तिचा आधार राहत नाही, आणि तिकिटाला देणगी प्रवेशिका म्हटल्याने तो परत येईल अशा भरवशावर कोणी राहू नये. सवलत लागू असली तरी लेखकाला फोन करावा आणि मानधनाचे पाकीट पोचवावे असे माझे मत आहे. संहितेत काटछाट करायची असेल तर ती विचारूनच करावी, आणि बहुतेक लेखक अशा वेळी स्वतःच चार ओळी बदलून देतात.

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागते. आधी प्रयोग झालेल्या संहितेचे प्रमाणपत्र बहुधा लेखकाकडे किंवा आधीच्या संस्थेकडे असते आणि त्याची प्रत मागून घेता येते. संहिता नवी असेल तर ती मंडळाकडे बरीच आधी पाठवावी, कारण प्रयोगाच्या आठवड्यात त्यासाठी धावपळ करण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. नाटक मांडवात किंवा मैदानात होणार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, आणि शासनाने मध्यरात्रीपर्यंत सूट दिलेले वर्षातले मोजके दिवसच याला अपवाद असतात. म्हणजे दोन तासांचा प्रयोग साडेसातला सुरू झाला पाहिजे, आणि साडेसातला सुरू व्हायचा असेल तर प्रमुख पाहुण्यांचा सत्कार नाटकानंतर ठेवण्याचे कार्यकारिणीकडून आधीच कबूल करून घेतले पाहिजे. हे काम दिग्दर्शकाचे नाही असे वाटते खरे, पण सव्वानऊला दुसरा अंक सुरू करताना आयोजकांचा माणूस विंगेत येऊन घड्याळ दाखवू लागला की ते दिग्दर्शकाचेच होते.

वाचन आणि भूमिकांची वाटणी

पहिले दोन दिवस सगळ्यांनी गोल बसून वाचावे आणि भूमिका मुद्दाम फिरत्या ठेवाव्यात. पहिल्या अंकात ज्याने वडील वाचले त्याने दुसऱ्यात शेजारी वाचावा, आणि जिने सून वाचली तिने सासू वाचावी. यात दोन गोष्टी कळतात. कोणाला वाक्याचा अर्थ वाचता वाचता सापडतो हे कळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसरा वाचत असताना कोण ऐकतो आणि कोण आपली पुढची ओळ शोधत बसतो, हेही कळते. मी निवड करताना आवाज आणि रूप यांच्याआधी हे ऐकणे पाहतो. आवाज आठ आठवड्यांत बराच सुधारतो, मात्र ऐकण्याची सवय लावायला तेवढे दिवस पुरत नाहीत.

भूमिका जाहीर करण्यापूर्वी प्रत्येकाकडून आठ आठवड्यांतल्या न जमणाऱ्या तारखा लिहून घ्याव्यात. कन्येची परीक्षा, गावची जत्रा, कार्यालयातला मार्चअखेर, सगळे कागदावर यावे. उत्तम नट असलेला माणूस बारा दिवस बाहेरगावी असेल तर त्याला लहान भूमिका द्यावी आणि त्याचे कारण त्याला स्पष्ट सांगावे. वर्गणी जास्त देणारा, मांडव ज्याच्या ओळखीने स्वस्तात मिळतो तो, किंवा अध्यक्षांचा मुलगा यांना भूमिका देण्याचा आग्रह होतोच. त्यातल्या एखाद्याला दोन वाक्यांचा पोस्टमन द्यायला हरकत नाही, पण ज्या पात्रावाचून नाटक पुढे सरकत नाही ते पात्र कोणाच्याही भिडेखातर देऊ नये.

तालमीचे वेळापत्रक प्रवेशांनुसार करावे आणि ज्यांचा प्रवेश नाही त्यांना बोलावू नये. सात जणांना रोज बोलावून त्यांतल्या चौघांना खुर्चीवर बसवून ठेवणारा दिग्दर्शक तिसऱ्या आठवड्यापासून माणसे गमावू लागतो. दहाला तालीम संपेल असे सांगितले असेल तर ती दहालाच संपवावी, प्रवेश कितीही रंगात आलेला असला तरी. स्त्री कलाकारांच्या घरून पुढच्या वर्षी परवानगी मिळणे, शेवटची बस सापडणे आणि सकाळी सहाच्या पाळीला जाणाऱ्याची झोप होणे, हे सगळे त्या दहाच्या ठोक्यावर अवलंबून असते.

हालचाली बसवताना

दुसऱ्या आठवड्यापासून सर्वांना उभे करावे. तालमीच्या जागेत, मग ती शाळेचा वर्ग असो की कोणाची गच्ची, प्रत्यक्ष रंगमंचाची लांबी-रुंदी मोजून फरशीवर खडूने किंवा चिकटपट्टीने आखून घ्यावी आणि दरवाजे, खिडकी, दिवाण यांच्या जागा नक्की कराव्यात. प्रयोगाच्या मांडवातला मंच १५ फुटांचा आणि तालीम मात्र २५ फुटांच्या सभागृहात झाली, तर नट ऐन प्रयोगात दिवाणावर जाऊन आदळतात. डावे-उजवे कोणाचे यावरून दर तालमीत होणारा गोंधळ टाळण्यासाठी नटाचे डावे-उजवे हेच प्रमाण धरावे, किंवा त्याहून सोपे म्हणजे ‘खिडकीकडे’, ‘देव्हाऱ्याकडे’, ‘प्रेक्षकांकडे’ अशीच भाषा वापरावी.

हालचाल द्यायची कशी, हे एका छोट्या प्रसंगावरून दाखवतो. प्रसंग या लेखापुरता रचलेला आहे. मुलीला परगावच्या नोकरीचे पत्र आले आहे, तिने ते टेबलावरच्या वर्तमानपत्राखाली सरकवले आहे, आणि वडील बाहेरून येतात.

वडील : चहा आहे का?
मुलगी : आई देवळात गेली आहे.
वडील : मी चहा विचारला.
मुलगी : टाकते.

नवखे नट हा प्रसंग मंचाच्या मध्यभागी समोरासमोर उभे राहून करतात. वडील ‘मी चहा विचारला’ हे वाक्य रागाने म्हणतात, मुलगी मान खाली घालते आणि सगळे आठ सेकंदांत संपते. प्रेक्षकाला पत्राची आठवणसुद्धा राहत नाही. आता नटांना भावना न सांगता फक्त कामे सांगून पाहावे. वडिलांना रोज घरी आल्यावर वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसायची सवय आहे, आणि मुलीला ते वर्तमानपत्र उचलू द्यायचे नाही. वडील दारात चपला काढता काढता पहिले वाक्य म्हणतात आणि टेबलाकडे निघतात. मुलगी ‘आई देवळात गेली आहे’ म्हणत टेबल आणि वडील यांच्या मध्ये येते, म्हणजे तिचे उत्तर प्रश्नाला धरून नाही, ते केवळ वडिलांना थांबवण्यासाठी आहे. वडील थांबतात, तिच्याकडे बघतात आणि ‘मी चहा विचारला’ हे वाक्य हळू आवाजात म्हणतात, कारण काहीतरी वेगळे आहे एवढे त्यांना जाणवले आहे. आता मुलीची पंचाईत होते, कारण चहा टाकायला गेले तर टेबल मोकळे राहते. ती पत्रासकट वर्तमानपत्रच उचलून छातीशी धरते, ‘टाकते’ म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते. वडील रिकाम्या टेबलाकडे पाहत उभे राहतात. संवादांतला एक शब्दही न बदलता प्रसंग अर्ध्या मिनिटाचा झाला आणि वर्तमानपत्र घेऊन चहा टाकायला कोण जाते, हा प्रश्न वडिलांना आणि प्रेक्षकांना एकाच वेळी पडला.

एकदा या रीतीची सवय झाली की ‘इथे दोन पावले पुढे ये’ असे सांगायची वेळ कमी येते. प्रत्येक प्रवेशासाठी दिग्दर्शकाने घरून एवढेच ठरवून यावे की कोणाला काय हवे आहे, त्यात आडवे काय येते आणि मंचावरची कोणती वस्तू त्या दोघांच्या मध्ये आहे. ठरलेल्या हालचाली त्याच दिवशी संहितेच्या समासात पेन्सिलीने लिहाव्यात. एक नट दुसऱ्याला झाकत नाही ना, हे दिग्दर्शकाने मधोमध बसून पाहणे पुरेसे नाही, दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर जाऊन बसूनही पाहावे. प्रेक्षकांना पाठ देऊ नये हा जुना दंडक मात्र फार कडक पाळू नये, कारण योग्य क्षणी फिरवलेली पाठ खूप काही बोलते.

हौशी संस्थेत दिग्दर्शक तिशीचा आणि वडिलांची भूमिका करणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक, असे नेहमीच घडते. त्यांना सर्वांसमोर ‘चुकलं, परत घ्या’ म्हटले तर ते परत घेतातही, पण त्यानंतर त्यांचा खांदा आखडतो तो आखडतोच. ‘काका, खुर्चीपर्यंत आलात की क्षणभर थांबून बघाल का, तिला वर्तमानपत्र उचलायला वेळ मिळेल’ असे म्हटले की तेच काम होते आणि काका पुढच्या वेळी दोन गोष्टी आपणहून सुचवतात. दुरुस्त्या तालीम चालू असताना तोडून सांगण्यापेक्षा वहीत टिपून शेवटच्या दहा मिनिटांत सांगाव्यात, आणि ज्येष्ठांच्या टिपा त्यांना गाडीपर्यंत सोडायला जाताना सांगाव्यात.

नटांसाठी : शेवटचा शब्द

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) असे चार प्रकार सांगितले आहेत. नवोदित नटाला घाई असते ती सात्त्विकाची. डोळ्यांत पाणी आले की अभिनय झाला असे त्याला वाटते. पहिल्या नाटकात माझा आग्रह वाचिकाचा असतो, आणि त्यातही वाक्याच्या शेवटाचा. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि नकार तर बहुधा त्याच्याही मागून येतो. श्वास अपुरा पडलेला नट नेमका तिथेच आवाज सोडतो. ‘मी ते पैसे घेतले नाहीत’ या वाक्यातला शेवटचा शब्द गिळला गेला तर बाराव्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू येते ते ‘मी ते पैसे घेतले’, आणि पुढचे सगळे नाटक तो एका निरपराध माणसाला चोर समजून पाहतो.

यावर एक सोपा व्यायाम आहे. वाक्य शेवटाकडून बांधत यावे : ‘नाहीत.’ ‘घेतले नाहीत.’ ‘पैसे घेतले नाहीत.’ ‘मी ते पैसे घेतले नाहीत.’ प्रत्येक वेळी शेवटच्या शब्दाला पहिल्याइतकाच जोर राहिला पाहिजे. पल्लेदार वाक्य असेल तर श्वास कुठे घ्यायचा याच्या उभ्या रेघा संहितेत मारून ठेवाव्यात, आणि त्या अर्थाच्या तुकड्यांवर असाव्यात. चौथ्या आठवड्यापासून संहिता न वाचलेल्या एखाद्या माणसाला सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीवर मंचाकडे पाठ करून बसवावे आणि न कळलेल्या प्रत्येक वाक्याला कागदावर एक फुली मारायला सांगावे. त्या फुल्या मोजण्याचा पहिला दिवस सर्वांना जड जातो. ध्वनिक्षेपक आहे म्हणून निश्चिंत राहू नये. वर टांगलेल्या माइकखाली सगळी पात्रे जमा होतात आणि बसवलेल्या हालचाली वाया जातात, हे मांडवातल्या नाटकांत नेहमी दिसते.

उच्चारांबाबत थोडे तारतम्य ठेवावे. मालवणकडच्या किंवा नागपूरकडच्या माणसाच्या बोलण्यातली लय पुसून त्याला पुस्तकी मराठी बोलायला लावण्यात काही अर्थ नाही, जोवर पात्राची ती गरज नाही. लक्ष द्यावे ते ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला च वेगळे निघण्याकडे आणि न-ण, ल-ळ सावकाश पण स्वच्छ येण्याकडे. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत वाढलेली मुले पुष्कळदा संवाद रोमन लिपीत लिहून पाठ करतात आणि त्या लिपीत ‘काल’ आणि ‘काळ’ सारखेच दिसतात. अशा वेळी संवादांचे ध्वनिमुद्रण करून देणे उत्तम.

पाठांतर चौथ्या आठवड्याअखेर पुरे झाले पाहिजे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे ऐनवेळी सुचेल तसे गद्य बोलत, आणि दशावतारी नट आजही संवाद मंचावरच रचतात, पण त्यामागे आयुष्यभराचा रियाज असतो. आपण लिहिलेले नाटक करतो तेव्हा आपले वाक्य हा समोरच्याचा क्यू, म्हणजे बोलायची खूण, असतो, आणि ते अदमासे बोलले की समोरचा अडतो. म्हणून केवळ आपली नव्हे, आपल्याआधीची ओळही पाठ असावी. विंगेतून संवाद सांगणारा प्रॉम्प्टर पाचव्या आठवड्यापर्यंत जरूर ठेवावा आणि सहाव्यात काढून घ्यावा. तो शेवटपर्यंत राहिला तर नटाचे कान विंगेकडे लागतात आणि पहिल्या चार रांगांना प्रत्येक संवाद दोनदा ऐकायला मिळतो. तालमीत संवाद विसरला तर थांबून ‘सॉरी’ म्हणण्याची सवयही त्याच आठवड्यात मोडावी. समोरच्याने प्रश्न विचारून त्याला वाटेवर आणावे, आणि हे मुद्दाम घडवून दोन-तीनदा करून पाहावे.

विनोदी नाटकात हशा आला की पुढचे वाक्य लगेच टाकू नये. हशा चढतो, माथ्यावर येतो आणि उतरू लागतो, तो उतरू लागला की बोलावे. तालमीत हशा नसतोच, आणि आठव्यांदा ऐकलेल्या विनोदावर दिग्दर्शकही हसत नाही. त्यामुळे तो विनोद पडला असे समजून नट त्यात भर घालू लागतात. ती भर निर्दयपणे काढावी.

नेपथ्य, प्रकाश, संगीत

या तिन्हींत हौशी नाटकाने आपली ऐपत ओळखून वागावे. भाड्याचे फ्लॅट (नेपथ्याच्या भिंतींच्या चौकटी), दोन लेव्हल (उंच चौथरे), घरातून आणलेले फर्निचर आणि मागे काळा पडदा एवढ्यात बहुतेक घरगुती नाटके उभी राहतात. प्रकाशाचे पहिले काम चेहरे दिसणे हे आहे, वातावरणनिर्मिती त्यानंतर येते. लाल-निळ्या दिव्यांची उघडझाप करण्याची लहर आली तर ती नाच-गाण्याच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवावी. संगीत वाजवणाऱ्याने निदान शेवटच्या दोन आठवड्यांच्या तालमींना हजर राहावे आणि क्यू ओळींवर लिहून घ्यावेत. ‘ती रडली की वाजव’ या सूचनेवर विसंबून वाजवलेले व्हायोलिन ती रडण्याआधीच वाजते. ध्वनिमुद्रणे ज्या फोनवर असतील तो विमान अवस्थेत ठेवावा.

खरी काळजी घ्यायची ती अंधारातल्या बदलाची. मी दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच नाटकात, मांडवातल्या मंचावर, दोन प्रवेशांमधल्या काळोखात दोघा उत्साही मुलांनी टेबल हलवून नेमके उलटे ठेवले. प्रकाश आला, नायकाने हिशेबाची वही काढायला खणाला हात घातला, आणि खण होता पलीकडे, नेपथ्याच्या भिंतीला चिकटलेला. त्याने दोनदा लाकूड चाचपले, मग शांतपणे टेबलाला वळसा घातला, भिंत आणि टेबल यांच्या फटीत आडवा शिरला आणि वही घेऊन बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या नाटकासाठी नव्हत्या. तेव्हापासून प्रत्येक हलणाऱ्या वस्तूच्या पायांच्या जागी मंचावर रेडियमच्या पट्टीचे छोटे तुकडे लावतो, टेबलाच्या खणाच्या बाजूला बाणाची खूण करतो आणि कोणती वस्तू कोण उचलणार हे नावानिशी लिहून विंगेत डकवतो. काळोखातला बदलही घड्याळ लावून तालीम करण्याची गोष्ट आहे, आणि तो २० सेकंदांपेक्षा लांबला तर एखादी वस्तू कमी करावी.

हातात घ्यायच्या वस्तूंसाठी विंगेत एक टेबल ठेवावे, त्यावर कागद पसरून प्रत्येक वस्तूची जागा आखावी आणि तिचे नाव लिहावे. चष्मा, पत्र, चहाचे दोन कप, औषधाची बाटली असे सगळे. एखादा चौकोन रिकामा दिसला की काय हरवले ते ताबडतोब कळते. शेवटच्या दोन आठवड्यांत तालमीलाही खऱ्याच वस्तू वापराव्यात, कारण कपात खरा गरम चहा असला की संवादाची गती बदलते आणि नऊवारी नेसून जिना उतरायला पंजाबी ड्रेसपेक्षा चार सेकंद जास्त लागतात.

शेवटचा आठवडा आणि प्रयोगाचा दिवस

सातवा आठवडा संपेपर्यंत नाटक सलग दोनदा झालेले असावे. आठव्यात एक तांत्रिक तालीम घ्यावी, जिच्यात अभिनय बाजूला ठेवून केवळ प्रकाश, संगीत आणि नेपथ्यबदल यांचे क्यू जुळवायचे असतात, आणि त्यानंतर एक रंगीत तालीम संपूर्ण पोशाखात, मध्ये कुठेही न थांबता घ्यावी. रंगीत तालमीनंतर नवी हालचाल देऊ नये. दिग्दर्शकाला त्या रात्री हमखास दहा सुधारणा सुचतात. त्या वहीत लिहाव्यात, वही मिटावी आणि झोपावे.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह ज्या सत्रासाठी घेतले आहे त्या सत्राची वेळ हाती पडल्यापासून धावाधाव सुरू होते, म्हणून सामानाचा टेम्पो आधीच दारात उभा असावा. नेपथ्य लागले की नटांनी मंचावर येऊन एकदा चालून पाहावे, दारे उघडून-मिटून पाहावीत आणि टाळी वाजवून सभागृहाचा आवाज अजमावावा. रिकामे सभागृह घुमते आणि भरले की आवाज शोषून घेते, हे नटांना आधी सांगून ठेवावे. रंगभूषेला बसण्यापूर्वी काहीतरी हलके खाल्लेले असावे. पोटात काही नसलेला नट दुसऱ्या अंकात गळून जातो. नारळ फोडून रंगमंचाची पूजा करण्याचा प्रघात छान आहे, मात्र नारळाचे पाणी मंचावरून लगेच पुसून घेण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवावी. पहिली घंटा झाली की मंचावर आणि विंगेत काम नसलेल्या कोणालाही थांबू देऊ नये, त्यात फोटो काढणारे नातेवाईक आणि खुद्द दिग्दर्शकही आले. तिसऱ्या घंटेनंतर नाटक विंगेतल्या रंगमंच व्यवस्थापकाचे असते. दिग्दर्शकाने मागच्या रांगेत जाऊन बसावे आणि विंगेकडे हातवारे करू नयेत.

प्रयोग संपला की टाळ्या, हार आणि फोटो यांच्या गडबडीत सगळे नट मेकअपसह घरच्या मंडळींत मिसळतात आणि नेपथ्य उतरवायला दोघेच उरतात. यासाठी कामांची यादी आदल्या दिवशीच वाचून दाखवलेली असावी, आणि त्या यादीत नायकाचेही नाव असावे. भाड्याचे सामान मोजून परत करावे, खर्चाचा हिशेब पावत्यांसह आठवड्याच्या आत कोषाध्यक्षांकडे द्यावा. घरोघरून मागून आणलेल्या वस्तू, म्हणजे कोणाच्या आजीची पितळी समई, कोणाची झुलती खुर्ची, कोणाकडचा जुना फोन, त्या पुसून, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत, ज्याने आणल्या त्यानेच नेऊन द्याव्यात. पुढच्या वर्षी समई पुन्हा लागणार असते.